ऊसतोड टोळ्यांसाठी लावलेलं लसीकरण सत्र रिकामं जातंय. वेळ, नोंद आणि भाषा कशी बसवायची?

कोपी_ते_उपकेंद्र (प्रश्न)

नमस्कार. साखरपट्ट्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून माझा हा पहिलाच गळीत हंगाम. कार्यक्षेत्रात सध्या पाच टोळ्या उतरल्या आहेत. दोन बीडकडच्या (त्यातली एक पूर्ण बंजारा तांड्यावरची), एक जत भागातली आणि दोन नंदुरबारकडच्या. नंदुरबारच्या टोळ्यांतल्या बायकांना मराठी फारसं समजत नाही. शिवाय गायरानाच्या कडेला पारधी कुटुंबांची वस्ती आहे. ती कायमची आहे, तरी गावच्या यादीत अर्धीच आलेली आहे.

सत्र ठरलेल्या दिवशी सकाळी दहा ते दोन, गावातल्या अंगणवाडीत असतं. दवंडी दिली, मुकादमांना (टोळी आणणाऱ्या ठेकेदारांना) फोन केले. पहिल्या महिन्यात तीन मुलं आली, दुसऱ्या महिन्यात एकही नाही. अहवालात त्यापुढे ‘लाभार्थ्यांचा नकार’ असं लिहिलं जातं. मला ते खरं वाटत नाही, कारण कोप्यांवर (टोळ्यांच्या झोपड्यांवर) जाऊन बोललं की लसीला कुणीच नाही म्हणत नाही.

वेळ नक्की कोणती धरावी? बहुतेक मुलांचं माता बाल संरक्षण कार्ड गावाकडे पेटीत राहिलंय, त्यांना कोणता डोस द्यायचा? मुकादमाला किती जवळ करावं? आणि पारधी वस्तीत आम्ही शिरलो की मोठी माणसं उठून जातात, तिथे सुरुवात कुठून करावी?

---

गटप्रवर्तक_साखरपट्टा

ताई, आधी अहवालातला तो शब्द बदला. आई समोर असून नाही म्हणाली तर नकार. इथे आई समोर नव्हतीच. ‘सत्राच्या वेळी आई फडात’ (म्हणजे तोड चालू असलेल्या उसात) असं लिहा. नकार लिहिला की वरून समुपदेशन करा म्हणून पत्र येतं. फडात लिहिलं की सत्राची वेळ आणि जागा बदलायला तुमच्याकडे लेखी कारण राहतं. सूक्ष्म कृती नियोजनात (सत्रांच्या आराखड्यात) संध्याकाळचं सत्र घालून घ्यायला तेवढा कागद पुरतो.

आता वेळ. सगळ्या टोळ्यांना एकच वेळ चालत नाही, कारण त्यांचं काम एकसारखं नसतं. आधी टोळी कशाची आहे ते विचारा.

बैलगाडीची टोळी असेल तर पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, दुपारपर्यंत गाडी भरते आणि नवरा गाडी घेऊन कारखान्याच्या तळावर नंबरला लागतो. बाई चार-साडेचारला मोळीभर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) डोक्यावर घेऊन कोपीवर येते. मग पाणी, सरपण, भाकरी. इथे संध्याकाळी ५ ते ८ हे सत्र चालतं, तेही कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. चूल पेटलेली असली तरी ती दहा मिनिटं येते. अंगणवाडीपर्यंत मात्र येणार नाही.

ट्रक-ट्रॅक्टरची टोळी असेल तर संध्याकाळ धरू नका. वाहन येईल तेव्हा भरायचं, मग रात्रीचे नऊ वाजोत की अकरा. अशा टोळीला दुपारी जेवणाच्या वेळी फडाच्या बांधावर गाठा. लहान मुलं तिथेच पाचटावर गोधडी टाकून झोपवलेली असतात, झोळी बांधलेली असते. उद्या तोड कोणत्या गटात आहे हे चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) आदल्या दिवशीच माहीत असतं. सरपंचापेक्षा चिटबॉयचा नंबर जास्त कामाचा.

तिसरी संधी म्हणजे कारखाना साफसफाईसाठी बंद असतो तो दिवस. ऊस घेणार नाहीत म्हणून तोड थांबते आणि अख्खी टोळी कोपीवर असते. कारखान्याच्या शेतकी खात्याच्या गट ऑफिसला तारीख आधी कळते, तिथे सांगून ठेवा. काही टोळ्या अमावस्येलाही फडात जात नाहीत, तेही विचारून घ्या.

यादीचं म्हणाल तर गट ऑफिसकडून मुकादमाचं नाव, कोयत्यांची संख्या आणि मूळ गाव मिळतं. एक कोयता म्हणजे साधारण नवरा-बायकोची जोडी. त्यात मुलं मोजलेली नसतात, म्हणून कोयत्यांवरून लसींचा अंदाज बांधला की फसगत होते. पायी फिरून कोपी-कोपी मोजा. पोलिओच्या फेरीत घराच्या भिंतीवर खडूने खूण करतो तशी इथे होत नाही. पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोपीला भिंतच नसते. म्हणून वहीत रस्त्याच्या बाजूने क्रम लावा, शेताचा गट नंबर आणि शेतकऱ्याचं नाव लिहा. यादी पंधरा दिवसांत जुनी होते. टोळी दुसऱ्या गटात हलली की नवीन फेरी करावीच लागते.

वहीत एवढं हवंच: आईचं नाव, मूळ गाव आणि तालुका, मोबाईल कुणाचा (नवऱ्याचा असेल तर तो कारखान्यावर असतो), मुलाचं वय. वय थेट विचारलं तर ‘असंल दीड वर्साचं’ असं उत्तर येतं. त्याऐवजी ‘मागचा पट्टा पडला (हंगाम संपला) तेव्हा पोटात होतं की मांडीवर?’ असं विचारा. पट्टा पडण्यावरून आणि दिवाळीवरून महिना बरोबर निघतो.

---

आईसपॅक_चार

वरच्या ताईंनी वेळेचं सांगितलं, मी लसीचं सांगतो. संध्याकाळचं सत्र बिघडतं ते बहुतेक शीतसाखळीमुळे, म्हणजे लस थंड ठेवून पोहोचवण्यात.

सकाळच्या सत्राला लस पोहोचवणारा माणूस सकाळी येतो. तोच व्हॅक्सिन कॅरिअर सांभाळून संध्याकाळी वापरायचा, असं करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतसाखळी सांभाळणाऱ्याशी दुपारची वेगळी फेरी ठरवा. कॅरिअरमध्ये चार आईसपॅक, चारही कंडिशन केलेले. फ्रीझरमधून काढलेला पॅक बाहेर ठेवायचा आणि कानाजवळ धरून हलवायचा. आत पाणी खुळखुळलं की मगच कॅरिअरमध्ये. घाईत दगडासारखे पॅक भरले तर पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोनियाची), आयपीव्ही (टोचायची पोलिओ लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) गोठतात. गोठून वितळलेली कुपी वरून चांगली दिसते, व्हीव्हीएमही (कुपीवरची रंग बदलणारी खूण) ठीक दाखवतो, कारण तो फक्त उष्णता मोजतो. म्हणजे मूल टोचलं जातं आणि संरक्षण मिळत नाही. हे नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

एमआर (गोवर-रुबेला) आणि बीसीजी (क्षयरोग) यांची कुपी विरघळवली की ४ तास किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते. कुपीवर वेळ लिहा. पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही, टीडी, पोलिओच्या उघडलेल्या कुप्या व्हीव्हीएम ठीक असेल तर २८ दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येतात, त्यावर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहायची. एकाच मुलासाठी एमआरची कुपी फोडायची का, हा वाद प्रत्येक ठिकाणी होतो. फोडायची. सूचना तशीच आहे. ते मूल पुढच्या महिन्यात तुमच्या हद्दीत नसेल. २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तो मुख्यतः डोस चुकलेल्या मुलांमधून.

संध्याकाळी उजेड नसतो, हे शेवटच्या क्षणी लक्षात येतं. मोबाईलची बॅटरी हातात धरून बीसीजी किंवा आयपीव्हीचा ०.१ मिलीचा कातडीतला डोस देता येत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी आणि एक चार्जिंगचा दिवा हवा. व्हीव्हीएममधला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट आहे का, हेही पिवळ्या उजेडात चुकतं, पांढरा दिवा घ्या. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला जो १०,००० रुपयांचा अबंधित निधी येतो त्यातून दिवा आणि दोन सतरंज्या घ्यायला हरकत नसावी, ठराव मात्र आधी करून घ्या.

कार्ड नसलेल्या मुलांचं असं. प्रथम यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) आईवडिलांच्या मोबाईल नंबरने शोधा. नाही सापडलं तर गावाकडे फोन लावून आजीला किंवा तिथल्या आशाताईला कार्डाचा फोटो पाठवायला सांगा. बरेचदा दहा मिनिटांत फोटो येतो. तोही नाही आला, तर नोंद नाही म्हणजे डोस नाही असं धरून सुरू करा. डोस जादा झाल्याने अपाय होत नाही, राहून गेल्याने होतो.

वयाप्रमाणे थोडक्यात:
- बीसीजी १ वर्षाच्या आतच.
- पेंटा आणि रोटाचा (जुलाबावरची लस) पहिला डोस १ वर्षाच्या आत. पेंटाचा एक तरी डोस वर्षाच्या आत झाला असेल तर पेंटानेच पूर्ण करा. वर्ष उलटून गेलं आणि एकही नाही, तर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात).
- एमआर ५ वर्षांपर्यंत. दोन डोस, मध्ये किमान एक महिना.

दीड महिन्याच्या बाळाला एका बैठकीत तीन टोचण्या येतात: उजव्या दंडाला आयपीव्ही, डाव्या मांडीला पेंटा, उजव्या मांडीला पीसीव्ही. आई घाबरते. तोंडावाटेचे थेंब आधी द्या, तोवर तिला सांगा की तीन सुया तीन वेगळ्या लसींच्या आहेत. ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणून एक मागे ठेवू नका.

टोचल्यावर अर्धा तास थांबवायचं, ॲड्रेनॅलिनच्या किटची मुदत निघण्याआधी तपासायची. रात्री मुलाला ताप आला तर पहाटे चारला आई फडात जाऊ शकत नाही, एक खाडा पडतो, म्हणजे कामाचा दिवस बुडतो. दुसऱ्या वेळी नाही म्हणायचं खरं कारण हेच असतं. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे मोजून हातात द्या, किती आणि कधी ते चमच्याने दाखवा, आणि जमेल तिथे सत्र सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्या.

---

तांडा_वस्ती_पाडा

मुकादमाबद्दल थोडं वेगळं मत मांडतो, कारण त्याच्यावरच सगळं सोपवलं की काम उलटतं.

मुकादमाने कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) जोडप्यांना वाटलेली असते. बाई चार दिवस बसली तर ती फिटत नाही, हे त्याचं गणित. म्हणून त्याच्याकडून एकच गोष्ट मागा, ती म्हणजे वेळ. ‘गुरुवारी सहा वाजता आम्ही कोपीवर आहोत, गाडी लवकर भरा.’ एवढंच. कोण गरोदर, कुणाला दोन आठवड्यांपासून खोकला, कुणाचं हिमोग्लोबिन कमी, हे त्याच्यापर्यंत जाता कामा नये. यादीची वही त्याच्या कोपीवर ठेवून फिरायला जाऊ नका. आणि दुभाषी म्हणून त्याचा मुलगा तर अजिबात नको.

भाषेसाठी टोळीतलीच चौदा-पंधरा वर्षांची मुलगी किंवा दोन-तीन हंगाम या भागात आलेली बाई बघा. तांड्यावरच्या टोळीत गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी मिळते, नंदुरबारकडच्या टोळीत पावरी किंवा भिली. नंदुरबारचे सगळे एकच बोली बोलतात असं धरू नका, आधी विचारा. सत्राआधी तिच्याबरोबर चारच वाक्यं बसवून घ्या: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढची तारीख कधी, ताप आला तर काय करायचं, कार्ड पुढच्या वेळी बरोबर आणा. मग आईलाच उलट विचारा, ‘घरी गेल्यावर सासूला काय सांगशील?’ ती जे सांगते त्यावरून काय पोहोचलं ते कळतं. ‘समजलं का?’ विचारलं तर सगळ्याच मान डोलावतात.

तारीख आकड्यात सांगू नका. ‘पुढच्या पौर्णिमेनंतरचा बाजार’ असं सांगितलं तर राहतं. कार्डावर तारीख लिहायचीच, पण तोंडाने बाजाराचा वार.

आता पारधी वस्ती. तिथली माणसं उठून जातात याचं कारण लसीत नाही. १८७१च्या कायद्याने या जमाती गुन्हेगार ठरवल्या गेल्या. १९५२मध्ये तो कायदा गेला, पण गावात काही घडलं की गाडी पहिल्यांदा त्यांच्याच वस्तीवर येते, हे आजही चालू आहे. वही-पेन घेतलेली चार अनोळखी माणसं, त्यात बरोबर पोलीस पाटील, आणि पहिलाच प्रश्न ‘आधार कार्ड दाखवा’. यातून त्यांनी काय समजायचं? लसीसाठी आधार लागत नाही. पहिल्या भेटीत नावही विचारू नका. एक आशाताई, एक तुम्ही, दोघीच जा. बाळाचं वजन करा, दंडघेर मोजा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर आईला तिथेच पट्टीवरचा लाल भाग दाखवा. काहीतरी दिल्याशिवाय काही मागायचं नाही. दुसऱ्या भेटीत नाव आपोआप येतं.

फोटोचंही तेच. जिओटॅग फोटोशिवाय सत्र झालंच नाही असं वरून मानतात हे मान्य. फोटो कॅरिअरचा, बॅनरचा, कर्मचाऱ्यांचा काढा. मुलांच्या आणि बायकांच्या तोंडावर मोबाईल धरला की पुढच्या वेळी वस्ती रिकामी मिळते.

अजून एक. मागच्या भेटीत त्यांनी जे सांगितलं असेल, पाण्याचं म्हणा, हातपंप बंद असल्याचं म्हणा, त्याचं काय झालं ते पुढच्या भेटीत पहिल्या वाक्यात सांगा. झालं नसेल तरी सांगा, कुणाकडे अडलंय तेही सांगा. महाराष्ट्रात २००७पासून लोकाधारित देखरेखीचं (आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवण्याचं) काम झालं, त्यातल्या जनसुनवाईंचा जीव यातच होता. लोकांनी विचारायचं आणि अधिकाऱ्याने त्यांच्यासमोर उत्तर द्यायचं. गावच्या आरोग्य समितीच्या मासिक सभेला हंगामापुरती टोळीतली एक बाई बोलवा. ती गावची मतदार नाही म्हणून चालणार नाही असं कुणी म्हटलं, तर सांगा की ती सहा महिने तुमच्याच गावचं पाणी पिते.

---

कोपी_ते_उपकेंद्र

खूप आभार सगळ्यांचे. गट ऑफिसला फोन केला, पुढच्या आठवड्यात साफसफाईचा बंद आहे, त्या आदल्या संध्याकाळी सत्र धरतेय. एक अडचण राहिली. दोन टोळ्यांत मिळून चार गरोदर बायका आहेत, एकीला सातवा संपत आलाय. टोळी पंधरा दिवसांत पलीकडच्या तालुक्यात हलणार. सासू किंवा मुकादम जवळ असला की त्या तपासणीला नको म्हणतात. आणि मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर १०८ला पत्ता काय सांगायचा?

---

आरोग्य_सहायिका_निवृत्त

पत्त्यापासून सुरू करू, कारण जीव त्यातच अडकतो. ‘अमक्या गावची उसाची कोपी’ एवढं सांगितलं तर रुग्णवाहिका गावात येऊन फिरत राहते. प्रत्येक टोळीसाठी एक चिठ्ठी करा: गाव, मळ्याच्या मालकाचं नाव, डांबरी रस्त्यावरची ओळखीची खूण (कॅनॉलचा पूल, डेअरी, मंदिर), तिथून आत किती अंतर, आणि गाडी कुठपर्यंत येते. ही चिठ्ठी जाड अक्षरात लिहून बाईच्या कार्डाला स्टेपल करा. ज्याला मराठी वाचता येतं अशा एका माणसाला ती फोनवर वाचून दाखवायचा सराव द्या. पावसाळी वाट असेल किंवा पाणी सोडलेलं असेल तर कॅनॉलपर्यंत बाजेवरून आणायला कोण येणार, तेही आजच ठरवा. १०८ तातडीला, १०२ गरोदर मातेला नेण्या-आणण्याला. दोन्ही नंबर चिठ्ठीवर.

तपासणी कोपीत एकटीला गाठून होत नाही. सगळ्याच बायकांचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन करा, सासूचंही. सासूचा बीपी मोजला की ती स्वतःच सुनेला पुढे करते. पाळी चुकल्याचं आशाताई पाणवठ्यावर किंवा वाढे बांधताना विचारते, निश्चय किट (गर्भचाचणीचं) तिच्याकडे असतंच.

हलणाऱ्या बाईला औषधं महिन्याच्या हिशोबात देऊ नका. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या १८०, कॅल्शियमच्या ३६०. मुक्कामाचे दिवस मोजा, वर पंधरा दिवसांच्या जादा द्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. तिच्या दिवसात बसवून सांगा: फडातल्या दुपारच्या भाकरीनंतर कॅल्शियम, रात्री झोपताना लोह, कॅल्शियमची दुसरी गोळी पहाटे निघताना काहीतरी खाऊन. लोहाने शौचाला काळं होतं हे आधीच सांगा, नाहीतर पाकीट उसात फेकलं जातं. हिमोग्लोबिन ७च्या खाली असेल तर गोळ्यांवर थांबू नका, ग्रामीण रुग्णालयात लगेच.

सातवा संपलेल्या बाईची कागदावर तीन ठिकाणी नोंद हवी: तुमच्याकडे, टोळी जिथे हलणार तिथल्या उपकेंद्रात, आणि तिच्या मूळ गावच्या आशाकडे. तिघींना एकच संदेश पाठवा: नाव, आरसीएच नंबर (गरोदर मातेच्या सरकारी नोंदणीचा), अपेक्षित तारीख, जोखीम काय, टोळीच्या मुकादमाचं नाव. मुकादमाचं नाव फक्त टोळी शोधण्यासाठी. बाळंतपण इथे झालं तर जन्माची नोंद इथेच, २१ दिवसांत. गावाकडे गेल्यावर करू म्हणतात आणि मग दाखल्यासाठी वर्षभर खेटे.

आणि ज्या बायका अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून सांगतात, त्यांचं ऐकून घ्या. खाडा टाळायचा म्हणून गर्भपिशवी काढून टाकण्यापर्यंत गोष्ट जाते. बीडमधल्या या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९मध्ये झालीच आहे. पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांनी उपचार होतो. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारा, चार-पाच जणींना एकत्र न्या, म्हणजे एकटीवर बोट येत नाही.

---

गटप्रवर्तक_साखरपट्टा

एक राहिलं. मोबदल्यावरून इथल्या आणि गावाकडच्या आशांमध्ये कुरबूर होते, डोस कुणाच्या नावावर म्हणून. तुमच्या आणि त्यांच्या गटप्रवर्तकांनी (आशांवर देखरेख करणाऱ्यांनी) हंगामाच्या सुरुवातीलाच फोनवर बोलून घ्यावं.

पट्टा पडायच्या आठवडाभर आधी शेवटची फेरी ठेवा. गाड्या भरायला लागल्या की कुणी हाती लागत नाही. त्या फेरीत नवीन डोसांपेक्षा कार्डं पूर्ण करा, यू-विनवर चढवा आणि आईच्या मोबाईलमध्ये कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून द्या. क्षयरोगाचं औषध चालू असेल तर निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत) बदली करून एक महिन्याच्या गोळ्या बरोबर. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगा. ती पिशवी कोपी मोडताना सगळ्यात आधी उचलली जाते.